चार ठशांचा चमचा

एका मेलेल्या माणसाला मी चोर ठरवलं. तो चोर नव्हता हे मला त्याच वर्षी दिवाळीत कळलं, आणि आज पंधराएक वर्षं झाली, मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर मनातल्या मनात बोलायचं म्हटलं तरी शब्द जुळवावे लागतात, तेही मी कधी जुळू दिले नाहीत.

मी भोरचा सोनार. दुकान वडिलांचं, ऐरण वडिलांची आणि कसोटीचा दगडही वडिलांचाच. काळाभोर, तळहाताएवढा, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. दागिना त्यावर ओढायचा, उमटलेली रेघ बघायची आणि माल कसा आहे ते सांगायचं. त्या रेघेला आम्ही कस म्हणतो. वडील म्हणायचे, "दगड खोटं बोलत नाही. बोललाच तर सोनार बोलतो." मी तर त्या दिवशी खोटंही बोललो नव्हतो. अगदी खात्रीनं चुकलो होतो. खोटं बोलायला मी नंतर सुरुवात केली.

चुकलो कसा, ते आधी सांगतो. आमच्या भागातल्या चांदीत प्रत्येक सोनाराचं तांबं मिसळायचं माप वेगळं, हात वेगळा. त्यामुळे एका मुशीतून निघालेल्या दोन वाळ्यांचा कस एक येतो, आणि दुसऱ्या घरच्या वाळ्याचा थोडा तरी फिरतो. भावाभावांच्या वाटणीत कुठलं कडं कुठल्या जोडीतलं, हा वाद आमच्या दगडावर मिटायचा. वडिलांनी असे कितीतरी मिटवले, मीही मिटवले. कस एक तर घर एक. यात आमची कधी चूक झाली नव्हती. मात्र तोवर आमच्या दगडाला लागलेली सगळी चांदी घाटाच्या अलीकडची होती.

आमच्या आळीच्या टोकाला एक रावसाहेब राहायचे. भाटघरच्या धरणावर ओव्हरसियर होते. धरण पुरं झालं तेव्हा त्यांचा इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना त्यानं यांना चांदीचे बारा चमचे दिले. चहाचे, लांब मानेचे, दांड्याच्या टोकाशी पसरट. पाठीवर बारीक बारीक ठसे, त्यात एक चालता सिंह. भोरात तेव्हा विलायती चांदी म्हणजे ते बारा चमचे. कुणी पाहुणा आला की ते कपाटातून निघत, आणि रावसाहेब चमचा उलटा करून सिंह दाखवत. त्यातला एक पुढं हरवला. आळीत सगळ्यांना ते माहीत होतं, कारण रावसाहेब ते विसरू देत नसत.

फाल्गुनातल्या एका दुपारी वेल्ह्याकडची एक बाई दुकानाच्या पायरीशी आली. पस्तिशी उलटलेली, कपाळ मोकळं, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ.

"टाक करून देणार सोनार हितंच का?"

"हितंच. बसा. कुणाचा टाक?"

"मालकांचा. वरीस भरंल आता."

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली अंगठ्याएवढी मूर्ती. घरचा कर्ता गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक करून देवांत बसवायचा, ही तिकडची रीत. तो बसेपर्यंत माणूस घरचाही नाही आणि देवाचाही नाही, असं मानतात. लोक त्यासाठी मोडकं पैंजण आणतात, एखादं जुनं नाणं आणतात. हिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्यासमोर चमचा ठेवला.

"ही चांदी कुठली?"

"बसऱ्याची," ती म्हणाली. "लढाईत हुतं न्हवं मालक. दोनी हात बांधून इस्पितळात पडलं हुतं. मड्डमीनं ह्या चमच्यानं पेज पाजली, म्हयनाभर. निघताना म्हणली, घिऊन जा. म्हणून म्हणते, ह्याचाच करा. ह्यानंच जगलं त्ये."

मी चमचा हातात घेतला, पण अजून उलटा केला नव्हता. सवयीनं विचारलं, "घोड्यावर करू?" पुरुषाचा टाक बहुधा घोडेस्वारच असतो.

"घोडं नगं. पलटणीत पायीच हुतं, पायीच असू द्या. न्हाईतर मला वळखायचं न्हाई." मग तोंडावर पदर घेऊन हसली. "आन् मिशी बारीक करा. लई पीळ द्यायचं मिशीला. द्येवात बसूनबी पीळच देत बसतील."

मीही हसलो. आणि हसता हसता चमचा उलटा केला.

सिंह! तोच, पुढचा एक पाय उचललेला. अख्ख्या मुलखात हा सिंह एकाच घरात होता, आणि त्या घरातला एक चमचा गेलेला होता. तरी मी शांतपणे विचारलं, "मालक काय करायचे? लढाईनंतर?"

"धरणावर हुतं की. सायबाच्या बंगल्यावर पहाऱ्याला, आन् सायब गेल्यावर हितल्या रावसायबांच्या दारावर."

मग मला काही विचारायचं उरलंच नाही. म्हटलं, "राहू दे चांदी इथं. परवा या."

ती लगेच उठली. पावती नाही, काही नाही. म्हणाली, "तुमच्यापाशी न्हाई ठिवायची तर कुणापाशी?"

ती वळणापलीकडं गेली आणि मी चमचा घेऊन रावसाहेबांकडं गेलो. गिऱ्हाइकानं विश्वासानं ठेवलेली चांदी तिसऱ्याच्या घरी नेली. वडील असते तर त्यांनी माझा हात उखळीत घातला असता. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी का गेलो हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. खरं उत्तर असं, की मला त्यांच्या ओसरीवर खुर्ची मिळावी असं वाटत होतं. तोवर मी पायरीवर बसत असे.

रावसाहेब औषध घेत होते, आणि औषधाच्या पेल्यात त्यांच्या अकरांपैकीच एक चमचा होता. त्यांनी तो पुसून माझ्यापुढं टाकला. "घास."

मी दगड नेलाच होता. दोन रेघा शेजारी शेजारी ओढल्या. एक यांच्या चमच्याची, एक बाईच्या. मी उन्हाकडं धरून बघितलं, तिरपं करून बघितलं. दोन्ही रेघांत केसाचाही फरक नव्हता. मग दोन्ही चमचे उलटे केले. दोन्हीवर सिंह. झालं.

"खात्रीनं सांगतोस?"

"एका मुशीतले आहेत, रावसाहेब."

त्यांनी आतून खुर्ची आणायला सांगितली.

त्या वेळी दोन्ही चमचे माझ्या हातात होते. पाठीवर सिंहाशेजारी आणखी ठसे होते, आणि मी ते मोजले नाहीत. खाली इंग्रजी अक्षरं होती. मी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, ती अक्षरं मला वाचता येत होती. मी वाचली नाहीत. दगडानं सांगितलं म्हटल्यावर आणखी काय बघायचं?

तिसऱ्या दिवशी बाई आली ती दिराला घेऊन, टाक न्यायला. माझ्या दुकानातून त्यांना रावसाहेबांच्या ओसरीवर नेलं. आळीतली पाचसहा माणसं जमली होती. रावसाहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "पोलिसांत देणार नाही. मेलेल्या माणसाला काय द्यायचं? पण माझी वस्तू माझ्या घरी राहील."

बाई म्हणाली, "सायेब, ती वस्तू बसऱ्याची हाय."

"सोनाराला विचार."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीवर होतो. मी म्हटलं, "दगडावर घासून बघितलं, बाई. दोन्ही एकच आहेत."

"दगडाला बसरा ठावं हाय का?" ती म्हणाली.

लोक हसले. मीसुद्धा थोडा हसलो. दीर मात्र हसला नाही. उंच, हाडकुळा माणूस. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि ओसरीकडं पाठ करून तो नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "चल वयनी. आता हितं आपलं काय न्हाई." आणि जाता जाता, तिला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं बोलला, "चोराचा टाक माझ्या द्येवात बसायचा न्हाई." देव जुन्या घरी होते, आणि तिथं तो राहायचा.

त्या दिवसापासून भोरात मला विलायती चांदीतला जाणकार म्हणू लागले. दोन लांबची घरं आपली भांडी माझ्याकडं आणू लागली.

दिवाळी आली. रावसाहेबांच्या पत्नींनी, आळी त्यांना वहिनी म्हणायची, चमचे उजळायला पाठवले, पूर्ण बारा. मी ते रिठ्याच्या पाण्यात टाकले, चिंचेनं चोळले, धुतले आणि पंचावर पालथे मांडले, ओळीनं, ऊन लागेल असे. चांदी उजळली की ठसे चांगले उठून दिसतात. मी सहज नजर फिरवली.

सिंहाच्या शेजारी एका बाईचं तोंड होतं. करंगळीच्या नखाच्या चौथाईएवढं, बाजूनं दिसणारं, केसांचा अंबाडा घातलेलं. दुसऱ्या चमच्यावर होतं. तिसऱ्यावर होतं. मी बोट ठेवत ठेवत गेलो. नवव्यावर नव्हतं.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अकरा चमच्यांवर पाच पाच ठसे. नवव्यावर चार. खालची अक्षरंही वेगळी. अकरांवर एक जोडी, नवव्यावर दुसरीच.

वीज पडली तर माणसाला आवाज ऐकू येत नाही म्हणतात. मला दुकानासमोरच्या रस्त्याचा आवाज येईनासा झाला. समोर कासाराकडं बांगड्या भरणाऱ्या बायका बोलत होत्या, त्यांची तोंडं हलताना दिसत होती. मी नववा चमचा उचलला आणि लगेच खाली ठेवला, तापलेला असावा तसा. कितीतरी वेळ मला एवढंच सुचत होतं, की हे आजवर कुणी बघितलं कसं नाही? रावसाहेब इतक्यांदा सिंह दाखवत होते. आम्ही सगळे इतक्यांदा सिंह बघत होतो.

मग मनानं पळवाटा काढल्या. साहेबानं भरतीला एक वेगळा टाकला असेल. ठसा झिजला असेल. पण झिजलेला ठसा मागं रिकामी जागा ठेवतो, तिथं तर तेवढी जागाच नव्हती. तरी मी लाख तापवली, दोन्ही चमच्यांच्या पाठीचे ठसे लाखेवर उठवून घेतले, आणि चमचे मोजून वहिनींना परत केले. त्या म्हणाल्या, "छान उजळले हो."

पुण्याला कॅम्पात एक म्हातारा पारशी जुन्या विलायती वस्तू विकायचा. त्या लाखेच्या वड्या घेऊन मी त्याच्याकडं गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं.

"कुठल्या सोनारानं घेतले हे छाप? चांगले घेतलेत."

"मीच घेतलेत."

"मग विचारतोस काय? हा सिंह म्हणजे चांदी कायद्याप्रमाणं. हे बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडनचा शिक्का. ही दोन अक्षरं कारागिराची. हे सुटं अक्षर सालाचं, दर साली बदलतं."

"सिंह एकच आहे ना, पण? दोन्हीकडं?"

तो भिंगातून वर बघून हसला. "अरे, सिंह विलायतेच्या सगळ्या चांदीवर असतो. लाखो चमच्यांवर."

"आणि कस? कसही एक येतो."

"येणारच. कायदाच आहे त्यांचा, हजारात नऊशे पंचवीस. राजाच्या घरचा चमचा घास नाहीतर शिंप्याच्या घरचा, सगळ्याचा कस एक."

कस एक तर घर एक! त्या देशात सगळा देश एकच मूस होता, आणि मला ते माहीत नव्हतं.

तो सांगतच होता. "हे तोंड त्यांच्या राणीचं. कर भरल्याची खूण. अठराशे नव्वद साली तो कर गेला, तोंडही गेलं. म्हणजे हा पाच छापांचा जुना." त्यानं एक बारीक पुस्तक उघडून अक्षर जुळवलं. "आणि हा चार छापांचा, महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराचा. हा आजोबा, हा नातू. कोण म्हणतं एका सेटचे?"

"एक जण म्हणाला."

"गाढव असेल."

"असेल," मी म्हटलं.

महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराचा. म्हणजे बसऱ्याच्या इस्पितळात जायला अगदी वेळेवर.

तरी मी गप्प राहिलो. थंडी गेली. होळी झाली. वैशाखात रावसाहेबांचं बोलावणं आलं. ओसरीवर एका पाटावर तेरा चमचे मांडलेले. तेरावा काळाकुट्ट. त्यांच्या परसात उकिरडा होता. भांडी घासल्याची राख, नारळाच्या शेंड्या, सगळं तिथं जायचं. खत शेतावर न्यायला त्या वर्षी तो तळापर्यंत उपसला, तेव्हा खोऱ्यावर हा चमचा आला. राखेबरोबर गेला होता, आणि खाली दडपून पडला होता.

मी तो उलटा करून अंगठ्यानं पुसला. राणीचं तोंड. पाच ठसे.

"साहेबानं तेराच दिले असतील," रावसाहेब म्हणाले.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बारा होते. खोक्यातून मीच काढले, मीच मोजले. ती बाई खरं बोलत होती."

"तू आत जा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू म्हणालास एका मुशीतला. मी तुझ्या दगडावर विश्वास ठेवला. आता मी वेल्ह्याला जाऊन त्या लोकांपुढं काय सांगू? आणि तू काय सांगशील? हा घेऊन जा. आटवून पळी करून दे, संध्येला. विषय संपला."

त्यांनी मला चार ठशांचा चमचा दिला. मला म्हणायचं होतं, ही चांदी तुमची नाही. मला त्याहून अधिक म्हणता आलं असतं, दिवाळीपासून मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मोठी करू की लहान?"

पायऱ्या उतरताना वहिनी बाजूच्या दारानं आल्या आणि हळू बोलल्या, "त्या बाईचं गाव तुम्हाला माहीत आहे ना? मला जाता येत नाही. तुम्हाला येतं." मी मान हलवली. त्यानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि माझ्यासमोर कधी उभ्याही राहिल्या नाहीत.

मी शेगडी पेटवून मूस चढवली. चमचा मुशीत टाकायला उचलला आणि तो टाकवेना. शेवटी कातरीनं मधोमध कापला. खोलगट वाटीकडचा भाग आटवला, घरची थोडी चांदी घालून वजन भरलं, पळी केली, ती दिली. ठसे असलेला दांडा मी कापडात गुंडाळून ऐरणीखालच्या खणात टाकला. तो मी चांगुलपणानं ठेवला असं कुणी समजू नये. त्यावरचे चार ठसे आटवायची मला भीती वाटली, एवढंच. माणूस मारणं निराळं आणि त्याचं तोंड पुसणं निराळं, असं काहीतरी वाटलं.

पाऊस लागण्याआधी मी वेल्ह्याला गेलो. नसरापूरपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं आणि चालत. दांडा कमरेला होता. वाटेत वाक्य घोकत होतो, "बाई, तुमचे मालक खरं बोलत होते." एवढंच वाक्य. तोरणा समोर दिसायला लागला तोवर ते शंभरदा म्हणून झालं होतं.

बाई अंगणात बी-भात पाखडत होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"भोरचं सोनार न्हवं तुमी? या की. उन्हाचं आलासा." गूळ-पाणी दिलं. शिव्या देईल असं मी धरून गेलो होतो. तिच्या तोंडावर रागाचं नावही नव्हतं.

मी पाणी पिऊन विचारलं, "टाकाचं काय केलंत?"

"कशाचा टाक? दीर म्हणलं, चोर द्येवात बसत न्हाई. म्या लई भांडले. चार म्हयनं ह्या घरचं तोंड त्या घराला दावलं न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. "मंग इचार केला. सोनाराला आमचं काय पडलंय? त्यो दगडावर घासून बोलला. त्यो कशाला खोटं बोलंल? तवा ह्येच खोटं बोललं आसतील. बारा वर्सं मला बसरा सांगत बसलं. मड्डमीची टोपी कशी, पेजंत मीठ न्हाई, हात खाजायचं तर ती पिसानं खाजवायची. आन् म्या ऐकत बसायची खुळ्यागत." ती हसली. "लई ग्वाड सांगायचं, पर."

मला वाटलं होतं, मी तिचा चमचा नेला. फार तर तिच्या नवऱ्याची अब्रू नेली. तिच्याजवळ त्याच्या बारा वर्षांच्या गोष्टी होत्या, त्या कुणाला चोरता येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. त्याही मी नेल्या होत्या, तिच्या हातानंच तिला टाकायला लावल्या होत्या. आणि कशाच्या जोरावर? ती माझ्यावर विश्वास ठेवते, त्याच्या जोरावर. कमरेचा दांडा टोचत होता. ते वाक्य सांगणं आता सोपं असायला हवं होतं, एका श्वासाचं काम. पण ते सांगितलं की तिला कळणार होतं, तिनं त्याला उगाच टाकलं. मी स्वतःला म्हटलं, कशाला तिला पुन्हा जाळायचं? भित्र्या माणसाला दुसऱ्याची दया फार लवकर येते.

"तुमी एवढ्या लांब कशापायी आलासा?" तिनं विचारलं.

"मार्गासनीला एका गिऱ्हाइकाकडं आलो होतो. वाटेत होतं तुमचं गाव."

हे माझं पहिलं तोंडानं बोललेलं खोटं. ते गाव वाटेत नाही. मार्गासनी अलीकडं राहते. तिला ते ठाऊक असणारच. तिनं माझ्याकडं थोडं जास्त वेळ बघितलं आणि पळसाच्या पानात मूठभर करवंदं बांधून दिली. ती घरी न्यायचं धैर्य झालं नाही. मी ती वाटेतच खाल्ली, सगळी, आणि हात गुंजवणी नदीत धुतले.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो नाही. रावसाहेब वारले. चमचे त्यांच्या मुलानं मुंबईला नेले. पळी अजून वहिनींच्या देवघरात आहे. मी त्या घरचं काही काम असलं तर भावाला पाठवतो.

आता का लिहितो? माझी नजर अधू झाली आहे. या दिवाळीत मी खणातून तो दांडा काढला, उन्हात धरला, आणि मला सिंह दिसला नाही. नख फिरवल्यावर चार खळगे लागले, एवढंच. भिंगानं अजून दिसतो, पण पुढं भिंगानंही दिसेनासा होईल, आणि मग मी शपथेवर काय सांगणार? परवाच्या बाजाराला तिकडचा एक जण दुकानात आला होता. मी आडून चौकशी केली. ती आहे, अजून शेतात जाते. दीरही आहे. देव अजून त्याच्याच घरी आहेत.

दांड्याची चांदी एका टाकाला पुरते, मी तोलून बघितली आहे. पण टाक ठोकायचा तर हे ठसे ठोकून सपाट करावे लागतील, आणि तो माणूस खरं बोलत होता याला माझ्या जबानीशिवाय दुसरा पुरावा हे ठसेच आहेत. म्हणून क्रम उलटा करून चालणार नाही. आधी तिच्या दिरासमोर, भावकीसमोर आणि तिच्यासमोर हे चार ठसे भिंगाखाली दाखवायचे, प्रत्येकाचा अर्थ सांगायचा, आणि ते वाक्य म्हणायचं. मी चुकलो हे सांगायचं, आणि कळूनही गप्प बसलो हेही. मग तिथंच, त्यांच्या अंगणात, ऐरण मांडून टाक ठोकायचा. पायी चालणारा, बारीक मिशीचा.

हे मी तिचं देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.